पातं मधोमध

गोव्यातल्या अवघ्या पेडणे महालात वस्तऱ्याचा आमच्या मावसोंइतका अभ्यास कुणी केला नसेल, आणि त्यांनी जन्मात कुणाची दाढी केली नाही, स्वतःचीसुद्धा. ते तुयेंच्या कारखान्यात फिटर. राहायचे पार्शाला, माझ्या मावशीच्या धाकात. देव, सरकार, आमटीतलं मीठ, कशाहीबद्दल ते तडजोड करीत. पण मिटलेल्या वस्तऱ्याचं पातं मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसलंच पाहिजे. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत विचारीत, "घरात वस्तरो आसा?" असला तर तो खिडकीकडे धरायचे. पात्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी रेघ दिसली नाही, की खिशातून बोटभर हातोडी निघे. पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्या डोक्यावर एक टिचकी, पुन्हा उजेडात. मग दुसऱ्या बाजूनं टिचकी, पुन्हा उजेडात. शेवटी विडीच्या बंडलाचा कागद दोन्हीकडून न अडता सरकला, की मगच चहाला हात. तोवर त्यावर साय धरलेली असे. मी एकदा विचारलं, "मावसो, इल्लें कललें तर कितें बिघडता?"

"धार मुठीक घासता. आनी घासली ना तरी माका दिसता मरे!"

गावात एकाच वस्तऱ्याला ती हातोडी लागली नव्हती, आणि नेमकी त्याच्याचखाली मावसो दर रविवारी मान देत. तो होता म्हालोचा. म्हालो म्हणजे आमचा न्हावी, मावसोंचा शाळेपासूनचा मित्र. बापाच्या वेळचा वस्तरा, शिंगाची मूठ, पातं उजवीकडे चांगलंच झुकलेलं. "हात लायलो जाल्यार तुजी अर्दी मिशी उडयतलों," ही म्हालोची ठरलेली धमकी.

गोवा घटकराज्य झालं त्या साली माझं लग्न झालं. लग्नाच्या सकाळी म्हालो माझा एक गाल करून पाणी बदलायला विहिरीवर गेला. वस्तरा मेजावर, मावसो शेजारी. मी ओरडेपर्यंत हातोडी चालूनही गेली होती. म्हालो परतला. दुसऱ्या गालाला फेस लावण्याआधी वस्तरा मिटायची त्याची पद्धत. मिटताना कललेल्या पात्याला तो अंगठ्यानं डावीकडे रेटायचा. तसंच रेटलं. मधोमध आलेलं पातं त्या रेट्यानं डाव्या पट्टीवर आदळलं, अंगठा घसरला आणि रक्त आलं. अंगठ्याला फडकं बांधून तो पायरीवर बसला. म्हणाला, "आसलो तसो करून दी. तोमेर न्हवऱ्याची दाढी ना." म्हणजे तोवर माझा दुसरा गाल तसाच.

पुढचा दीड तास मावसोंनी पातं वाकडं बसवण्यात घालवला. त्यांचा हात मेला मधोमधच जाई! कधी फार झुके, कधी झुकेचना. म्हालो डोळे मिटून अंगठा लावून बघायचा आणि म्हणायचा, "आनीक इल्लें." भटजी मुहूर्ताच्या नावानं ओरडत होते, आणि मी अर्ध्या दाढीनं सासरच्यांपासून तोंड लपवत होतो. शेवटी म्हालोनं मान हलवली, धार चामड्याच्या पट्ट्यावर घासून घेतली. मावसोंनी घाम पुसला. डोळेही पुसले असावेत.

म्हालो गेल्या शिगम्याआधी वारला. त्याचा मुलगा मोरजीला पर्यटकांची दाढी करतो, नव्या ब्लेडांनी. त्यानं वस्तरा मावसोंना आणून दिला. हे कळल्यावर मला राहवेना. इतक्या वर्षांची भूक आता कशी भागली, ते बघायचंच होतं. गेलो तर मेजावर वस्तरा, शेजारी हातोडी. मी तो खिडकीकडे धरला. पातं तसंच, उजवीकडे.

"मावसो, आता कोण आडायता? करा पातें मदीं."

त्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि सावकाश मिटला, अंगठ्यानं पातं डावीकडे रेटत, अगदी म्हालोसारखा.

"आनी तो आयलो," मावसो म्हणाले, "आनी परत अंगठो कापलो तर?"