दोन फूट नऊ

आमच्या मावसाजींनी आयुष्यात एकही वस्तू एकाच मापाने मोजलेली नाही. आमगावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तिथे बसून बसून त्यांचं असं झालं, असं आई म्हणते. कारण त्या दुकानात पाइप इंचात जातो, वायर मीटरमध्ये, खिळे किलोवर आणि सळई एमएममध्ये. पण गावात हार्डवेअरची आणखीही दुकानं आहेत, आणि ते दुकानदार घरी गेल्यावर चारचौघांसारखं बोलतात. मावसाजींचा मात्र स्वतःचा एक सिद्धांत आहे. "मोठं माप फुटात सांगायचं, बारीक माप सेंटीमीटरमध्ये," ते म्हणतात. "फूट डोळ्याले दिसते. पण बारीक कामाले इंच लय जाडा पडते, बेटा." स्वतःची उंची ते सहा फूट तीन सेंटीमीटर सांगतात, आणि इतक्या सहजपणे सांगतात की विचारणाऱ्यालाच आपलं शिक्षण कमी पडलं असं वाटतं.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा गुण जायचा. एका उत्तरात दोन एककं लिहिली असती तर बहुधा पालकांनाच बोलावणं आलं असतं. त्यामुळे मावसाजी बोलू लागले की माझ्या मनात कुणीतरी लाल पेन घेऊन बसायचं. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे असताना मला ताप भरला. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, "बाहेर शेहेचाळीस आहे, पोरीले एकशे दोन आहे, काय करू?" डॉक्टरांना त्यात काहीच खटकलं नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की अख्खा जिल्हाच असा बोलतो. ऊन सेल्सिअसमध्ये, ताप फॅरनहाइटमध्ये; शेत एकरात आणि त्यातलं धान क्विंटलमध्ये. मावसाजी एवढंच करतात की जे सगळे दोन वाक्यांत करतात, ते ते एका वाक्यात उरकतात.

मला पाहायला बालाघाटकडचे पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. मुलाच्या वडिलांनी माझी उंची विचारली. मी खाली पाहत होते. आई 'पाच फूट' म्हणणार एवढ्यात मावसाजी म्हणाले, "पाच फुटाले चार मिलिमीटर कमी." पाहुण्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "बिना चपलेची," मावसाजींनी खुलासा केला. ते स्थळ जमलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.

मावशी मात्र कुठल्याच मापात न बोलणारी बाई. ती मावसाजींच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाशी पोचते. त्यांच्या घरातल्या बायका सगळ्या उंच. जुन्या घरातला ओटा मावसाजींच्या आईच्या मापाने बांधलेला. लग्न होऊन आली त्या दिवसापासून मावशी ओट्यापुढे लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहून स्वयंपाक करत आली. एकदा त्या पाटावरून घसरून तिचा पाय मुरगळला, तेव्हापासून पाटावर चढताना ती आधी ओट्याची कड घट्ट धरते. नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा कुणी झोपाळा मागितला, कुणी गच्चीवर खोली. मावशी म्हणाली, "मले काही नको. ओटा असा करा का माहे पाय जमिनीवर राहतीन."

मावसाजींनी हे फार मनावर घेतलं. जुन्या घरात मावशीला उभं करून त्यांनी जमिनीपासून तिचं कोपर मोजलं, दोनदा मोजलं, मला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं, मळताना हात खाली जाईल इतकं त्यातून वजा केलं, आणि मिस्त्रीला माप सांगितलं, "दोन फूट नऊ." मग ते निश्चिंत होऊन दुकानात जाऊन बसले.

वास्तुपूजा तोंडावर आली तेव्हा मावशी पहिल्यांदा स्वयंपाकघर पाहायला आली. मी सोबत होते. काळा ग्रॅनाइट चकाकत होता. मावशी ओट्याशी उभी राहिली, कणीक मळायला ठेवावेत तसे तिने दोन्ही हात वर ठेवले. तिचे खांदे कानाशी गेले. तशीच उभी राहून ती म्हणाली, "पाट कुठी ठेवू?"

मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्याने शांतपणे टेप लावला. "दो फुट नौ बोले थे आप. देख लो, दो फुट नौ इंच."

"मी नऊ सेंटीमीटर म्हटलं होतं."

"फुट के बाद सेंटीमीटर कौन बोलता है, सेठ?"

मावसाजी भांडतील असं मला वाटलं होतं, पण ते सिमेंटच्या पोत्यावर जाऊन बसले. मावशीला त्यांची दया आली असावी. "जाऊ द्या ना," ती म्हणाली. "पाट आहे घरी. इतके वर्सं उभी राहिली, मेली का?" तिने हे समजूत घालायला म्हटलं होतं. ते त्यांना फारच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मुरमाची ट्रॉली उभी होती. ग्रॅनाइट काढला तर तुटणार होता, म्हणून ओटा खाली येत नसेल तर जमीन वर नेऊ, असं मावसाजींनी ठरवलं होतं. सगळं स्वयंपाकघर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, अर्ध्या फुटाला चौदा मिलिमीटर कमी इतकं भरून घेतलं आणि वर नव्याने टाइल्स बसवल्या. या वेळी ते मिस्त्रीच्या शेजारून हलले नाहीत. मावशी येऊन उभी राहिली. कोपर बरोबर बसलं. पाय जमिनीवर.

"पाट तर पाटच झाला," ती म्हणाली, "मोठा झाला फक्त." पण नंतर कितीतरी वेळ ती उगाच ओटा पुसत होती.

दाराची चौकट मात्र होती तिथेच राहिली. स्वयंपाकघराची जमीन वर आली आणि सहा फूट तीन सेंटीमीटर उंचीच्या माणसाला ते दार पुरेनासं झालं. वास्तुपूजेच्या दिवशीच मावसाजींचं कपाळ दोनदा आपटलं. दार मोठं करून घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी नाही केलं. "चूक कोणाची होती?" एवढंच म्हणाले. त्यांची पावलं ऐकू आली की मावशी फोडणीवरची नजर न काढता म्हणते, "वाका." मग ते वाकून आत येतात, चहाचा कप घेतात आणि वाकून बाहेर जातात.

मागच्या महिन्यात मी आमगावला गेले तेव्हा मावसाजी घरी नव्हते. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मावशीच्या मुलाने त्यांना नागपूरला नेलं होतं. घर फार शांत होतं. चहाची वेळ झाली म्हणून मी स्वयंपाकघराकडे गेले. मावशी पाठमोरी होती.

"वाका," ती म्हणाली.

चौकट माझ्या डोक्यापासून चांगली दीड वीत वर होती. मी वाकले आणि आत गेले.