काकांची विहीर आणि पिवळं यंत्र

"चालवल्याबिगर खोड समजत नाही, भाऊ." असं म्हणताना काका समोरच्या वस्तूच्या पाठीवर दोनदा थाप मारायचे. मग ती वस्तू पंखा असो, टॉर्च असो की माझा नवा मोबाइल. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडलेले. पुढे तांड्याची शेती धरणात गेली आणि काका मासे धरू लागले, तरी बैल पारखायची सवय काही सुटली नाही.

उमरखेडला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जमीन मोजणाऱ्यांसाठी हातात धरायची जीपीएसची यंत्रंही ठेवतो. एका सकाळी धरणाकाठच्या तांड्यावरचे हे काका दुकानात आले आणि म्हणाले, "पाण्यातली जागा दाखवणारं मशीन पाह्यजे." मी म्हटलं, ते तर फोनातही असतं.

"फोन ओल्या बोटाले वळखत नाही. माह्यी बोटं दिवसभर ओलीच."

जागा म्हणजे त्यांची विहीर. बापानं खणलेली, आता धरणाच्या पोटात. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की मोठे मासे तिच्या गारव्याला जाऊन बसतात म्हणे. ती नेमकी कुठं आहे हे अख्ख्या धरणावर एकट्या काकांना ठाऊक होतं, आणि ती हातची जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं.

मी तीन यंत्रं मांडली. तुम्ही कधी बैलबाजारात गेला असाल तर पुढचं सांगायला नको. पहिल्याला ओलं बोट लावलं, पडदा ढिम्म. "हे अंग चोरते." दुसरं उन्हात नेलं, पडद्यावर काही दिसेना. "याले ऊन सोसत नाही." तिसरं पिवळं, जाडजूड, बटणांचं. ते त्यांनी सरळ माझ्या पिण्याच्या माठात सोडलं. मी ओरडलो. बाहेर काढलं तेव्हा ते चालूच होतं. मग दारातच जागा नोंदवायचं बटण दाबून आणि त्याच्या कडीला सुतळी बांधून काका त्याला बसस्टँडपर्यंत फिरवून आणायला निघाले. मागे चार रिकामटेकडे. पडद्यावरच्या मोठ्या बाणानं त्यांना परत बरोबर माझ्या दारात आणून सोडलं.

"घर वळखते," काका म्हणाले. दोन थापा, सौदा पक्का. पडद्यावरचे आकडे मात्र त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतले. चष्मा घरी राह्यला होता. पुढेही दर वेळी तो घरीच राहिलेला असायचा.

चार दिवसांनी ते तणतणत आले. "मी विहीर मागतो, अन् हे मले देवळात नेऊन राह्यलं!"

चूक कळायला मला वेळ लागला. आमच्याकडचे जुने मासे धरणारे पाण्यातली जागा काठावरून लक्षात ठेवतात. एकीकडे कडुलिंबाच्या बरोबर मागे टेकडीची खाच आली, दुसरीकडे देवळाच्या बरोबर मागे टॉवर आला, की डोंग्याखाली, म्हणजे छोट्या होडीखाली, विहीर. काकांनी इमानानं पायपीट केली होती आणि कडुलिंब, टेकडी, देऊळ, टॉवर अशा चारही जागी उभं राहून बटण दाबलं होतं. यंत्र बिचारं सांगितल्या ठिकाणी नेत होतं.

"काका, डोंगा विहिरीवर न्या आणि तिथं दाबा."

काका खाली बघत म्हणाले, "खाच दिसत नाही आता. डाक्टर म्हणते, गेलेली नजर परतत नसते. तुम्ही या ना संगं. पाहून सांगा."

मला फार वाईट वाटलं. त्या भरात हो म्हणालो. आपल्याला पोहता येत नाही हे डोंग्यात बसल्यावर आठवलं.

पत्र्याचा डोंगा प्रत्येक वल्ह्याला कलत होता. काका विचारत, "खाच आली काय?" मी म्हणे, "अजून नाही." तेवढ्यात वारा सुटला आणि पाणी आत उडू लागलं. खरं सांगतो, मला टेकडीत तीन खाचा दिसत होत्या आणि हवा होता फक्त काठ.

"आली," मी म्हणालो. "बरोबर आली."

"अन् टॉवर?"

"तोही."

काकांनी खोली बघायला दगड बांधलेली दोरी पाण्यात सोडली. ती तळाला टेकून थांबली. तेही क्षणभर थांबले. मग बटण दाबून म्हणाले, "जमलं, भाऊ."

त्यानंतर दर बुधवारी काका माझ्याकडे एक मासा घेऊन यायचे. "विहिरीतला हाय." पहिला घास मला गिळवला नाही. पण मासे लागतात म्हणजे माझा अंदाज खरा ठरला, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे पुढे तर गिऱ्हाइकांपुढे फुशारकीही मारायला लागलो.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. तांड्यावर भेटायला गेलो तेव्हा मी काकूंना म्हणालो, "विहीर सापडली याचं त्यांना समाधान होतं."

काकूंनी उलट मलाच विचारलं, "कोणती विहीर? विहीर असती तं दोरी अजून चार पुरुष खोल गेली असती. त्याइले तं पहिल्याच दिवशी समजलं होतं. मंग लय शोधली, नाही सापडली."

"मला बोलले का नाहीत?"

"म्हणे, पोहता येत नाही तरी माणूस माह्यासाठी पाण्यात आला. त्याले कायले लाजवाचं?"

मला मान वर करवेना. "मग ते मासे?"

"बाजारातले," काकू म्हणाल्या. "जिंदगीभर मासे इकले, अन् तुमच्यासाठी इकत आणाचे. तेही तोंडाले दुपट्टा बांधून, कोणी वळखू नये म्हणून."