काकाची होडी

ऑफिसची सहल मुरुडला जाणार हे कळल्यापासून माझं कशातच लक्ष लागेना. मुरुड माझं गाव, पण ऑफिसात मी पनवेलचा म्हणून सांगत आलोय. त्यात किल्ल्यावर नेणारी होडी नेमकी माझ्या काकाची निघाली. वडील गेल्यावर ह्याच काकाने मासेमारी करून मला शिकवलं. त्याने मला पाहिलं, माझ्या साहेबांना पाहिलं आणि म्हणाला, "या साहेब, जपून बसा." मग मलाही तेच म्हणाला. मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचीच चीड आली. जाता-येता मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

परतताना किनाऱ्याजवळ एक लाट आली आणि होडी आडवी फिरायला लागली. मी बुटांसकट पाण्यात उडी मारली, पुढची दोरी खांद्यावर घेतली आणि होडी ओढू लागलो. लहानपणापासूनची सवय, विचार करायच्या आधीच पाय पाण्यात होते. होडी वाळूला लागली. मग साहेब हसले. "अरे वा, तू तर पक्का इथला निघालास!" असं म्हणत त्यांनी उतरताना भिजू नयेत म्हणून आपले बूट काढले आणि माझ्या हातात दिले.

मी ते घेतले.

काकाने माझ्या खांद्यावरची दोरी ओढून घेतली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "येच्यासाठी शिकवला काय तुला?"

नेमकं कशासाठी, ते विचारायला मी अजून घरी गेलेलो नाही.