कळ्यांना लावलेली ओली माती

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून मी आजवर हसतच आलेय. कापसाच्या वाणांवर पीएचडी केलेली बाई मी... आधी पुरावा दाखवा, मग बोलू, हा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आमचं संशोधन केंद्र देवगाव फाट्यापासून थोडं आत. नाव मुद्दाम लिहीत नाही. निजामाच्या काळात सुरू झालेलं. कोरडवाहू कापसावर या भागातलं पहिलं शास्त्रशुद्ध काम इथंच झालं — गावोगाव हिंडून गावरान वाण गोळा केले, निवडले, शेतकऱ्यांना दिले. आज अर्ध्या खोल्यांना कुलूप, मजुरांच्या जागा रिकाम्या, आणि दर वर्धापनदिनाला मात्र नवा कोरा मंडप! मोठं घर, पोकळ वासा.

त्या वर्षी बियाणं ठेवायच्या शीतगृहाचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीची फाइल टेबलाटेबलावर फिरत राहिली आणि एका जुन्या गावरान वाणाचं बी मेलं. होतं तेवढं पेरलं, तर जेमतेम एक ओळ उगवली. हा वाण दुसरीकडे कुठं शिल्लक असल्याचं मला माहीत नाही. शुद्ध बी धरायचं तर उद्या उमलणारी कळी आदल्या दिवशीच दोऱ्याने बांधावी लागते. नाहीतर मधमाश्या शेजारच्या प्लॉटमधले परागकण आणतात आणि वाण भेसळतो. हे काम मी आणि मालनबाई करायचो. आमच्याकडे उरलेली ती शेवटची मजूर.

फुलोरा भरात आला आणि नेमका वर्धापनदिन उपटला. साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, आठवडाभर आम्हा दोघींना मंडपाच्या तयारीला जुंपलं. पाऊस नव्हता, पुढची पाती, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळणार हे दिसत होतं. म्हणजे जे काही बी धरायचं ते याच आठवड्यात. मी अक्षरशः हातापाया पडले.

"मॅडम, पाहुणे महत्त्वाचे की चार झाडं?" साहेब म्हणाले. संतापाने मला रडू फुटलं.

कार्यक्रम संपला तशा आम्ही दोघी भर दुपारी शेतात धावलो. आणि जागच्या जागी थांबलो.

प्रत्येक कळीच्या टोकाला काळी माती लावलेली! मिटल्या मिटल्याच वाळलेल्या फुलांवर सुकलेली, उद्याच्या कळ्यांवर ओली. वर अंगठ्याचा ठसा.

मालनबाई ओळीत वाकून एकेक कळी निरखू लागली. "मॅडम, आमच्या सासूच्या टायमाला दोरा नव्हता, तवा असंच करायचे. आता हे कोन करायलंय?" मग तिने एका कळीला बोट लावून पाहिलं. "वली हाय वो... हितं तर प्यायला पानी न्हाई!"

कुणाची चेष्टा म्हणावी, तर आधीच कोळपून ठेवलेल्या भुसभुशीत मातीत आमच्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं. वॉचमनसकट सगळ्यांना खोदून खोदून विचारलं. सगळे मंडपातच राबत होते.

बोंडं भरली, शुद्ध बी हाती आलं. मी साहेबांना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते पोट धरून हसले.

"बरंय की! फुकटात काम होतंय, मग मजूर कशाला मागता?"

चेष्टा वाटली मला. पण मालनबाईला खरंच पुन्हा कामावर घेतलं नाही. ती गावच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली. पुढच्या हंगामात पाहुण्यांना प्लॉट भरलेला दिसावा म्हणून सगळंच्या सगळं बी पेरायला लावलं. नमुन्यालाही ठेवू दिलं नाही. आणि ऐन फुलोऱ्यात मला जिंतूरला इलेक्शन ड्युटी.

परत आले तेव्हा सगळी फुलं उघडी पडलेली, त्यांच्यावर मधमाश्या घोंगावत होत्या. ओळीओळीने हिंडले, एकेक फांदी वाकवून पाहिली. एकाही कळीला माती नव्हती. वाण गेला.

आदल्या वर्षी ती माती कुणी लावली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. दुसऱ्या वर्षी का लावली नाही, हे मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही.