मलमाचे रकाने

धुळ्याच्या एका दवाखान्यात करोनाच्या वॉर्डात मी सिस्टर होते. माझं काम चोख असतं, असा मला तेव्हा भलताच तोरा होता.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला आम्ही तासन्‌तास पालथं झोपवायचो, म्हणजे फुप्फुसांना हवा पोचते. गुंगीच्या औषधाने माणसाची पापणी लवत नाही. डोळा अर्धवट उघडा राहतो, बुबुळ कोरडं पडतं आणि त्यावर जखम होते. म्हणून दर चार तासांनी डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटपट्टीने बंद करायच्या, आणि चार्टवरच्या रकान्यात खूण करायची. सोनगीरच्या एका अक्कांचे रकाने मी दोन दिवस ड्युटी संपताना एका दमात भरून टाकले, मलम न घालता. ऑक्सिजन घसरत होता, पीपीई किटमध्ये घामाने अंघोळ होत होती, ही कारणं खरीच आहेत. पण खुणा करायला मला वेळ मिळाला होताच की.

अक्का वाचल्या. नळी काढली त्या दिवशी त्यांच्या उजव्या बुबुळावर मला ज्वारीच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. डॉक्टरांना सांगितलं असतं तर चार्ट उघडला गेला असता. मी गप्प बसले. अक्का घरी निघाल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होते. ते आठवलं की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

वर्षभराने त्या सुनेला घेऊन ओपीडीत आल्या. उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं, बुबुळ पार दुधाळ झालेलं. जन्मभर गोधड्या शिवलेल्या बाईला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. किटमुळे माझा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, तरी आवाजावरून ओळखलं.

"तू मना जीव वाचाडा, माय," म्हणत त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मग सुनेकडे बोट केलं. "पन डोया हिनामुये गया. मी घर उनू तवय डोया लाल व्हता, हिनी त्यामा मध घाला. बठ्ठं घर हाईच सांगस."

सून खाली बघत पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. वर्षभर घरातल्या सगळ्यांकडून हेच ऐकत असणार, कारण तिने साधी मानही हलवली नाही. मधाने डोळा बरा होत नाही, कबूल. पण ठिपका मधाच्या आधीचा होता, आणि हे मला एकटीलाच माहीत होतं. मी एक वाक्य बोलले असते तर ती त्या घरात मान वर करून वावरली असती.

मी नेहमीच्या सिस्टरच्या आवाजात तिला म्हणाले, "मध घालायला नको होता."

"चुकनं मनं, ताई," ती म्हणाली.