वाद घालायला एक देश

माझा नवरा श्रीराम क्रोएशियन शिकतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "का?" तो सांगतो, रिटायर झाल्यावर मेंदू गंजू नये म्हणून. मी सांगते, बाकी कुठल्याच भाषेत त्याच्याशी वाद घालायला माणूस उरला नव्हता म्हणून.

यात अतिशयोक्ती नाही. श्रीराम अमरावतीचा. त्यांच्या घरी रोज दोन पेपर यायचे, आणि दोन्ही पेपरांशी भांडण झाल्याशिवाय जेवणाची पानं मांडली जात नसत. ती सवय तो डेट्रॉइटला शिकायला आला तेव्हा सोबत घेऊन आला. बातमी ऐकली की त्याला बसवत नाही. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावी आमच्या घरातला सोफा माझा आहे, तो फक्त त्याच्याभोवती फेऱ्या मारतो. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता तोवर अर्धा दिवस ही वळवळ ऑफिस सहन करायचं. रिटायर झाला आणि सगळी माझ्या वाट्याला आली.

आधी मराठी संपली. प्रल्हाद म्हणजे त्याचा जिवाभावाचा मित्र, वर्षानुवर्षं एका गाडीतून कामाला जायचे दोघं. महाराष्ट्रातल्या कुठल्याशा सरकारवरून त्यांचं असं वाजलं, की त्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या आरतीला दोघं हॉलच्या दोन टोकांना उभे होते. सीनियर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन नीना. तिने हात जोडलेला इमोजी टाकून श्रीरामला ग्रुपमधून काढलं. इथे बसून तिथल्या सरकारवर भांडायचं, आणि मत द्यायचा हक्क दोघांनाही नाही. पण हे मी बोलले तर मलाच ऐकून घ्यावं लागलं असतं.

मग इंग्रजी संपली, आणि ते मात्र महागात पडलं. यामिनी आमची एकुलती एक मुलगी. जन्म इथलाच. इथून दोन तासांवर ग्रँड रॅपिड्सला राहते आणि कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना घर, काम, वकील मिळवून देणाऱ्या एका संस्थेत काम करते. चार वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला जेवता जेवता श्रीराम म्हणाला, "आम्ही लाइनमध्ये उभे राहिलो. वर्षानुवर्षं. तुझी माणसं लाइन तोडून येतात आणि तू त्यांना मदत करतेस." यामिनी शांतपणे म्हणाली, "बाबा, यू गॉट इन अँड शट द डोअर." त्यावर तो जे बोलला ते मी इथे लिहिणार नाही. तिने कोट उचलला. जेवणानंतरचा पम्पकिन पाय, भोपळ्याचा गोड पदार्थ, कापायचाच राहिला.

तेव्हापासून ती घरी आली नव्हती. फोन मला करायची, तोही श्रीराम चालायला गेला असेल अशा वेळी. चुकून त्याने उचलला तर दोघं हवामानावर बोलत. मला दोघांचाही भयंकर राग येत होता, आणि दोघांशिवाय मला करमतही नव्हतं. मी श्रीरामला बजावलं, या घरात आता राजकारण बंद. ना इथलं, ना तिथलं.

महिनाभर तो घरभर नुसता फिरला. मग एक दिवस नकाशा घेऊन बसला. त्याला असा देश हवा होता, ज्याच्याबद्दल आमच्या ओळखीत कोणाचंच काही मत नाही. फ्रान्सवर प्रल्हादचं मत होतं. चीनवर सगळ्यांचंच होतं. क्रोएशियावर मात्र कोणाचं काहीच नव्हतं, फुटबॉल सोडून. आणि घरापासून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर क्रोएशियन लोकांच्या चर्चला लागून त्यांचा एक हॉल आहे, तिथे शनिवारी दुपारी भाषेचे वर्ग चालतात.

पहिली दोन वर्षं "हे सफरचंद आहे" यात गेली. तेही त्याने तावातावाने केलं. मग तो वरच्या वर्गात गेला, त्याचं नाव "आजचा क्रोएशिया: समाज आणि राजकारण". बाकीचे विद्यार्थी म्हणजे कधीकाळी तिकडून आलेल्यांची मुलं-नातवंडं. त्यांना आजीची स्वयंपाकघरातली भाषा येते, पण पेपर वाचता येत नाही. श्रीरामचं बरोबर उलटं. त्याला महागाई, घटना, बहुमत असे सगळे शब्द येतात आणि चमच्याला काय म्हणतात ते आठवत नाही.

शिकवायला वेस्ना आहे. ती क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबला, शाळेत शिकवायची, मुलगा सध्या आयर्लंडमध्ये नोकरीला. तिची पद्धत मला फार आवडली. विषय आठवडाभर आधी द्यायचा. तयारी दोन्ही बाजूंची करायची. वर्गात एका टोपीतून चिठ्ठी उचलायची. "झा" आली तर बाजूने बोलायचं, "प्रोतिव" आली तर विरुद्ध. तुमचं स्वतःचं मत तुम्ही घरी घेऊन जा, त्याच्याशी तिला कर्तव्य नाही.

घरी घेऊन जा म्हणाली आणि श्रीरामने ते शब्दशः घेतलं. तिकडे रविवारी दुकानं बंद ठेवायचा कायदा आहे. त्यावर त्याला "झा" आली, तर पुढचे कित्येक रविवार मला कोथिंबीर आणायला जाऊ देईना. दुकानातल्या माणसाला सुट्टी नको का, म्हणे. मग समुद्राकाठच्या गावांत टुरिस्टांमुळे भाडी वाढून गावच्याच पोरांना घर मिळत नाही, या काळजीने त्याला झोप लागेना. त्याच्यासमोर नेहमी आन्ते असायचा. आन्ते रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर, आवाज खणखणीत. दोघं वर्गात हमरीतुमरीवर यायचे आणि नंतर एकाच टेबलाशी तासभर कॉफी पीत बसायचे. श्रीराम बसायचा, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मार्चमध्ये सत्राचा शेवटचा वर्ग होता. त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात, केक असतो. विषय आला, बाहेरून येणारे कामगार. क्रोएशियातली तरुण मुलं जर्मनीला, आयर्लंडला निघून जातात आणि त्यांच्या जागी नेपाळमधून, फिलिपीन्समधून, आपल्याकडून माणसं येतात. झाग्रेबमध्ये लोकांच्या दारी जेवण पोचवणारी सायकलवरची बरीचशी पोरं आपल्याच बाजूची असतात. त्यांना येऊ द्यावं का, हा प्रश्न.

तो आठवडा श्रीराम पिंजऱ्यात सापडल्यासारखा होता. बेसमेंटमध्ये येरझारा घालत मोठ्याने तयारी करायचा. वर मला सगळं ऐकू यायचं, आणि इतके महिने ऐकून माझ्याही कानांना ती भाषा थोडी कळायला लागली होती. "प्रोतिव" म्हणताना तो गाडी हायवेवर काढल्यासारखा सुटायचा. कायदा, मर्यादा, रांग. "झा" म्हणायला लागला की दोन वाक्यांत गप्प. मी वरून विचारलं, "काय झालं?"

"त्या बाजूला माझ्याकडे शब्द नाहीत," तो म्हणाला.

मी यामिनीला फोन केला आणि त्या वर्गाला ये म्हटलं.

"आई, इज ही गोइंग टु टॉक पॉलिटिक्स?"

"हो. पण तुला त्यातलं एक अक्षर कळणार नाही."

ती हसली. किती दिवसांनी हसली. मग म्हणाली, "ओके, दॅट आय कॅन डू. पण घरी नाही येणार. तिथूनच परत जाईन."

श्रीरामला मी हे जाताना गाडीत सांगितलं. तो रोजच्या रस्त्यावर टर्न चुकला.

ती आली, वर्ग सुरू व्हायच्या वेळेला, आणि तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली. बापाकडे बघून हात हलवला, ओळखीच्या काकांना हलवावा तसा. वेस्नाने टोपी फिरवली. श्रीरामने चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवली. "प्रोतिव". म्हणजे तेच भाषण, पुन्हा, तिच्यासमोर. भाषा तेवढी वेगळी.

सुरुवात झोकात झाली. कायदा आला, मर्यादा आली. आन्ते मान हलवत होता. आणि यामिनी हनुवटीखाली हात घेऊन बापाकडे बघत होती. लहानपणी तो गोष्ट सांगायचा तेव्हा ती अशीच बसायची. काही कळत नव्हतं म्हणून चेहऱ्यावर राग नव्हता, ती नुसती ऐकत होती. श्रीरामची नजर तिच्यावर गेली आणि तो थांबला. मला वाटलं शब्द विसरला.

मग तो बोलायला लागला ते पहिलीतल्या मुलासारखं. एक एक वाक्य, तुटक. "एक मुलगा येतो. थंडी आहे. त्याच्याकडे कागद आहे. कागद सांगतो, काम करू नको. तो काम करतो. रेस्टॉरंटच्या मागे. प्लेट धुतो. उभा राहून जेवतो. आईला फोन करतो. आई, मी मजेत आहे." मग म्हणाला, "त्याला रोज भीती वाटते. मला वाटायची."

त्याने मला हे लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. स्टुडंट व्हिसावर असताना, पहिल्या हिवाळ्यात. नंतर कधी तोंडातून काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मराठीत आणि इंग्रजीत त्याच्याकडे इतके शब्द आहेत की कुठेही लपता येतं. या भाषेत तेवढी जागा नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

"श्रीराम," वेस्ना हळूच म्हणाली, "तू प्रोतिव होतास."

त्याने हातातली चिठ्ठी बघितली. "हो," म्हणाला, आणि खाली बसला. आन्ते उठला, दोन्ही हात पसरून म्हणाला, "आता मी काय बोलू?" सगळे हसले. यामिनीही हसली, सगळे हसले म्हणून.

पण केकच्या टेबलाशी तिने वेस्नाला गाठलं आणि विचारलं, बाबा काय म्हणाला. वेस्नाने इंग्रजीत सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. मी बघत होते. यामिनीचा काटा केकमध्ये तसाच राहिला. मग ती माझ्याकडे आली.

"डिड यू नो?"

"हो."

"अँड यू नेव्हर टोल्ड मी."

"ते त्याचं होतं गं. मी कसं सांगू?"

पार्किंग लॉटमध्ये बाप-लेक समोरासमोर उभे राहिले आणि हवामानावर बोलले. तो म्हणाला, रस्त्यात बर्फ असेल, सावकाश जा. ती म्हणाली, हो बाबा. बस. मला दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. एवढं सगळं होऊन पुन्हा बर्फच.

नोव्हायपर्यंत आमचा आणि तिचा रस्ता एकच. आम्ही आमच्या एक्झिटला उतरतो, ग्रँड रॅपिड्सचा रस्ता तसाच सरळ पुढे जातो. दिवस मावळत होता. तिची गाडी आमच्या मागे होती. श्रीराम उजव्या लेनमधून इतका हळू चालवत होता की ट्रकसुद्धा हॉर्न देऊन पुढे जात होते. रस्त्यापेक्षा त्याचं लक्ष आरशातच जास्त. अंगठ्याने स्टिअरिंगवर ठोकत होता.

"आहे ना मागे?" त्याने विचारलं.

"आहे."

"तिला सांगितलंस का, मी काय बोललो?"

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

आमचा एक्झिट आला. त्याने कधीचा इंडिकेटर देऊन ठेवला होता. आम्ही उजवीकडे वळलो. मी मागे वळून बघितलं. तिची गाडी सरळ जात होती, अगदी एक्झिट संपतो तिथल्या पांढऱ्या रेघांपर्यंत सरळ गेली. आणि मग तिचा उजवा दिवा लुकलुकला आणि ती आमच्या मागे उतरली.

"इंडिकेटर किती उशिरा देते ही मुलगी," श्रीराम म्हणाला. आणि त्याने वायपर लावले. काचेवर काहीच नव्हतं.