काकांच्या काठीचं तोंड

आमच्या मावशीच्या यजमानांइतका सरळ माणूस इंदापूर तालुक्यात दुसरा नाही. आणि हे मी त्यांच्या स्वभावाबद्दल बोलत नाही. स्वभाव वाकडाच आहे. पण भिंतीवरचं कॅलेंडर, अंगणातली बाज, टोपलीतली भाकरीची चवड, यांतलं काहीही तिरकं दिसलं की काकांचा घास अडतो. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते नवरदेवाच्या मागे जाऊन उभे राहिले, एक डोळा मिटला, आणि खांद्याला धरून त्याला बोटभर डावीकडे फिरवलं. "नवरी समोर हाय, तू बँडवाल्याकडं तोंड करून उभा राहिलायस," असं वर भरमांडवात ऐकवलं.

ह्या सरळपणाचं मूळ गोल्फमध्ये. फौजेत असताना काकांनी कुठल्याशा छावणीत साहेबांच्या गोल्फच्या मैदानाची देखभाल केली, आणि निवृत्त होऊन आले ते लोखंडी पात्याची एक टाकून दिलेली काठी आणि पिशवीभर चेंडू घेऊन. मैदान त्यांना धरणानं दिलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की गावाखाली गाळाची जमीन लांबवर उघडी पडते, तिच्यावर हिरवळ येते, आणि मेंढरं ती कातरल्यासारखी ठेवतात.

पण काका मारतात कमी आणि बघतात जास्त. चेंडूमागे काठी टेकवली की पात्याचं तोंड नेमकं निशाणाकडे आहे की नाही, हाच त्यांच्या आयुष्याचा प्रश्न. "लोक आदी पाय रोवत्यात आन् मग तोंड वळवत्यात," ते कळवळून सांगतात. "आदी तोंड. मग पाय. चेंडू तोंडाचं ऐकतो, पायाचं न्हाय." चेंडूच्या हातभर पुढे, निशाणाच्या रेषेत, एखादा शिंपला हेरायचा, पात्याची खालची कड त्याच्याशी काटकोनात लावायची, आणि एवढं करूनही स्वतःवर विश्वास नसल्यामुळे मावशीला मागे उभं करायचं. मावशीला गोल्फमधलं काडीचं कळत नव्हतं, पण पातं केसभर फिरलं तरी ती ओळखायची. डावीकडे मिटलं असेल तर म्हणायची, "रुसलंय." उजवीकडे उघडलं असेल तर, "हसलंय." दोन्ही नसेल तर, "मारा आता, चुलीवर दूध ठिवून आलीया मी." तिच्या होकाराशिवाय काकांनी कधी काठी उचलली नाही.

मावशी गेली. वर्षभरानं त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या मावसभावानं, मला बोलावून घेतलं. आम्ही दोघंही बारामतीत राहतो. "दादा, माझं ते ऐकत नाहीत. तू जाऊन घेऊन ये. एकटेच मैदानात बडबडत असतात म्हणे."

मी सकाळीच पोचलो. पाण्यावर पांढुरकी वाफ होती, लांबवर मेंढरं चरत होती, आणि काका काठी टेकवून उभे होते. मी त्यांच्या मागे जाऊन थांबलो. त्यांनी मान न वळवता म्हटलं, "बघ गं." वाऱ्याचं नाव नव्हतं. जरा वेळानं "व्हय, व्हय" करत त्यांनी पातं केसभर फिरवलं, पुन्हा थांबले, आणि मग मला म्हणाले, "आरं, बाजूला हो की जरा. तिच्या म्होरं उभा राहिलायस."

मी टुणकन बाजूला झालो. काकांनी मारला. चेंडू दोरीत ओवल्यासारखा सरळ गेला. सवय आहे, म्हातारं माणूस आहे, असं मी स्वतःला समजावतोय तोवर मेंढरांचा कळप चरत चरत आमच्यापर्यंत आला. काकांना आणि मला वळसा घालून तो पुढे सरकला. तसाच तिसऱ्याही एका जागेला वळसा घालून गेला. मी मघाशी उभा होतो त्याच्या लगेच मागे, दोन पावलं मावतील एवढ्या गवताला एकाही मेंढरानं तोंड लावलं नाही. उन्हं चांगली वर आली होती आणि माझ्या दंडावर काटा होता.

घरी चहा पिताना मी धीर करून विचारलं, "काका, मावशी खरंच बोलते?"

"येडा हाय का तू? खांदा दिलाय मी तिला," ते बशीत फुंकर घालत म्हणाले. "पर इचारल्याबिगर माझा हातच उचलत न्हाय."

"मग उत्तर कोण देतं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "ते मी कदी इचारलं न्हाय," ते हळूच म्हणाले. "उगं कुणाला तरी राग यायचा."

मग मी न्यायला आलोय हे सांगितलं. त्यांनी दारातून खालच्या पाण्याकडे बोट केलं. "पाणी चढंस्तवर ऱ्हाऊ दे. मैदान बुडलं की येतो. तवर तिला एकटीला कसं सोडू?"

मावसभावाला मी फोनवर एवढंच कळवलं. मेंढरांचं सांगितलं नाही.

तेव्हापासून धरण भरलं की काका बारामतीला मुलाच्या फ्लॅटवर येतात. शहाण्यासारखे राहतात. देतील ते खातात, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोचवतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "मामंजी किती निवळले," असं सून कौतुकानं म्हणते. निवळले खरे; कुणाला काही विचारतच नाहीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावाकडून पाणी उतरल्याचा निरोप येतो, त्या सकाळी ते पिशवी भरून दारात बसलेले असतात. सोडायला मीच जातो. गाडी वरच्या रस्त्यावर थांबते. काका उतरतात आणि ओल्या गाळातून पाण्याकडे चालू लागतात. एरवी झपाझप चालणारा हा फौजी माणूस तिथे मात्र हळूहळू चालतो, शेजारून येणाऱ्या कुणाला तरी दम लागू नये म्हणून जपून चालावं तसा.